सरकारी शाळेतील शिक्षकांना छोटी अनुदाने द्यायची असतील, तर पैसा कोणत्या वाटेने न्यावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेचे आपण माजी विद्यार्थी आहात. आपले वर्गमित्र पुणे, गोवा आणि बेळगावात नोकरी-धंद्याला आहेत, एक जण अमेरिकेत आहे. त्याच्या मुलांच्या शाळेसाठी तिथे एक ‘एज्युकेशन फाउंडेशन’ आहे आणि ते शिक्षकांना त्यांच्या अर्जावरून छोटी अनुदाने देते, असे त्याने आपल्याला सांगितले. आपल्या गटाकडून दरवर्षी दीड-दोन लाख रुपये जमतील. तेव्हा आपल्या भागातील शाळांसाठी असे काही उभारता येईल का, संस्था नोंदवावी लागेल का आणि पैसे शिक्षकाच्या हातात कसे द्यायचे, हे आपल्याला हवे आहे.

मी पूर्वी सरकारी मराठी शाळेत शिक्षक होतो आणि गेली बरीच वर्षे बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील शिक्षकांना अशी मदत देणाऱ्या एका न्यासाच्या निवड समितीत काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की हे करता येते आणि दोन लाखांत चांगले करता येते. मात्र आपण पैशांविषयी तीन-चार गोष्टी विचारल्या आहेत आणि अर्जांविषयी एकही विचारलेली नाही. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे पैसे देणारे मिळतात, संमेलनाला आणि गणेशोत्सवाला गावोगावी वर्गणी जमतेच. पण ‘मला वर्गात अमुक करून पाहायचे आहे, त्यासाठी एवढे लागेल’ असे लिहून देणारा शिक्षक सहजासहजी मिळत नाही. त्याला तसे लिहायला आजवर कोणी सांगितलेलेच नसते.

आधी अमेरिकेतील व्यवस्था नेमकी काय आहे ते पाहू. तिथे सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थेच्या ताब्यात असतात. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी निवडून येते, शिक्षकांची नेमणूक तीच करते आणि राज्याच्या मदतीबरोबरच त्याच परिसरातील घर-जमिनीवरील कर हा तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ मंजूर होऊन या करावर मर्यादा आली, शाळांना खर्चाची ओढाताण होऊ लागली आणि पालकांनी व व्यापाऱ्यांनी शाळेबाहेर स्वतंत्र निधी-संस्था काढण्याचे प्रमाण तिथे झपाट्याने वाढले. ही फाउंडेशने डिस्ट्रिक्टपासून कायद्याने वेगळी असतात, त्यांना तिथल्या कर-कायद्याच्या ५०१(सी)(३) या तरतुदीखाली करमाफी असते आणि त्यांचे विश्वस्त गावातलेच नागरिक असतात. वार्षिक आवाहन, भोजन-समारंभ, मुलांची धावण्याची शर्यत, दुकानदारांचे प्रायोजकत्व, कुणाच्या स्मरणार्थ दिलेला कायम निधी आणि कित्येक ठिकाणी खुद्द शिक्षकांच्या पगारातून दरमहा कापली जाणारी छोटी रक्कम, अशा वाटांनी पैसा येतो. शिक्षक अर्ज करतो, मुख्याध्यापक त्यावर सही करतो, समिती बहुधा नावे झाकून अर्ज वाचते आणि काहीशे ते काही हजार डॉलरपर्यंत मंजुरी देते. खरेदी डिस्ट्रिक्टच्या मार्फत होते किंवा बिल दाखवल्यावर पैसे मिळतात, आणि घेतलेली वस्तू शिक्षकाची न होता शाळेची होते. या व्यवस्थेवर तिथेच घेतला जाणारा एक आक्षेप रास्त आहे : श्रीमंत वस्तीतील फाउंडेशन भरपूर जमवते, गरीब वस्तीतील शाळेला मात्र फाउंडेशनच नसते किंवा नावापुरते असते. आपला निधी फक्त स्वतःच्या शाळेपुरता ठेवायचा की तालुक्यातील इतर शाळांनाही खुला करायचा, हे ठरवताना हा आक्षेप लक्षात ठेवावा.

आपल्याकडे ‘डिस्ट्रिक्ट’ नाही, हा पहिला फरक. आपल्या शाळेतील शिक्षक राज्य सरकारचा नोकर आहे. त्याची नेमणूक, बदली आणि पगार सार्वजनिक शिक्षण खात्याकडून होतात, पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे असते, मराठी माध्यमाचे असले तरी. म्हणून आपल्याला ज्यांच्याशी बोलायचे ते तीन घटक म्हणजे मुख्याध्यापक, शाळा सुधारणा समिती म्हणजे एसडीएमसी, आणि बीईओ म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय. कर्नाटकात एसडीएमसी २००१ पासून आहेत. पुढे शिक्षण हक्क कायद्याने अशा समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले. देणगी स्वीकारणे, तिचा ठराव करणे आणि हिशेब ठेवणे हे काम या समितीच्या कक्षेत येते. हायस्कूलची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्या भागातील बरीच मराठी हायस्कुले खासगी संस्थांची आणि सरकारी अनुदानावर चालणारी आहेत, तिथे एसडीएमसीच्या जागी संस्थेच्या व्यवस्थापनाशी लेखी बोलणे करावे लागते. पहिल्या वर्षी सरकारी प्राथमिक शाळांपुरतेच राहा, असे मी सुचवीन.

शिक्षकाच्या हाती स्वतंत्र रक्कम देण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये अध्यापन साहित्यासाठी मिळत. रक्कम लहान होती, पण तक्ते, कार्डबोर्ड, स्केचपेन कुठून आणायचे याचे उत्तर शिक्षकाजवळ असे. २०१८ मध्ये समग्र शिक्षण योजना आली आणि अशी छोटी अनुदाने एकत्र होऊन शाळेला पटावरून ठरणारे संयुक्त अनुदान मिळू लागले : ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील पंधरा-वीस मुलांच्या शाळेला १०,००० रुपयांत वर्ष काढायचे असते. खडू, रजिस्टरे, फिनेल, विजेचे बिल, तुटलेली कडी यांतच ते संपतात आणि वर्गात काही नवे करून पाहण्यासाठी काही उरत नाही. माजी विद्यार्थ्यांची मदत येते ती बहुधा कमान, रंगकाम, पंखे किंवा ‘यांजकडून सप्रेम भेट’ असे रंगवलेल्या तिजोरीच्या रूपाने. त्यातले काहीच वाईट नाही, पण ती शाळेच्या इमारतीला मिळालेली मदत असते. शिक्षक-अनुदानाचा हेतू याहून अरुंद आहे आणि तो अरुंदच ठेवावा : एका शिक्षकाने एका वर्षात एका वर्गासोबत करायचे एक काम. पंखा, बाक, गेट आणि रंग आम्ही नियमातच वगळले आहेत. त्यासाठी इतर देणगीदार आहेत आणि आपल्या गटालाही ते वेगळे करता येईल.

आता अर्जाविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. आमचा अर्ज एका पानाचा आहे आणि त्यात चार प्रश्न आहेत. मुलांना सध्या काय जमत नाही, आपण काय करून पाहणार, त्यासाठी कोणत्या वस्तू लागतील व त्यांची किंमत किती, आणि फेब्रुवारीअखेर आपण आम्हाला काय दाखवाल. शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतील ओळख क्रमांक), पट आणि मुख्याध्यापकांची सही एवढी माहिती वर असते. तरीही पहिल्या खेपेला येणारे बहुतेक अर्ज एकाच साच्याचे असतात, कारण सरकारी पत्रव्यवहाराची सवय हाताला लागलेली असते. जांबोटी भागातील एका शिक्षिकेचा अर्ज नमुन्यादाखल सांगतो. त्यात लिहिले होते : ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी गणित पेटी मिळावी, ही नम्र विनंती.’ एवढ्यावर तो नाकारणे सोपे होते, पण आमची पद्धत अशी, की समितीतील एकाने प्रत्येक शिक्षकाला फोन करायचाच. फोनवर कळले, की ‘गणित कलिका आंदोलन’ या सरकारी शाळांतील कार्यक्रमाची गणित पेटी शाळेच्या कपाटात आधीच आहे. मग अडते कुठे, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘एक लिटर म्हणजे हजार मिलीलिटर हे मुलांना पाठ आहे हो, पण समोर तांब्या ठेवला आणि यात किती मावेल म्हटले, की कोणी पन्नास सांगतो आणि कोणी पाच हजार.’ आम्ही त्यांना म्हटले, हेच वाक्य अर्जात लिहा. दुसऱ्या अर्जात त्यांनी दोन पारड्यांचा तराजू, वजनांचा संच, लिटरपासून पन्नास मिलीलिटरपर्यंतची मापे आणि एक स्प्रिंग-काटा मागितला. सगळे मिळून खर्च काही हजारांच्या आत होता. मुलांनी घरून शेर, मापटे, पायली आणली, भात आणि काजू बिया मोजल्या, शेरात किती मिलीलिटर पाणी मावते ते काढले, आणि दोन घरांतील शेर एकसारखे भरत नाहीत हे सापडल्यावर त्यावरून वर्गात आणि पुढे गावातही बराच वाद झाला. वर्षाअखेर बाईंनी आम्हाला चौथी-पाचवीच्या मुलांच्या वह्यांची चार पाने पाठवली. त्यापेक्षा जास्त अहवाल आम्हाला नको होता.

यावरून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. एक म्हणजे अर्ज सुधारून घेणे हेही निधीचेच काम आहे, आणि त्यासाठी वेळ देणारी दोन-तीन माणसे आपल्या गटात असायला हवीत. निवृत्त शिक्षक या कामाला उत्तम. दुसरी म्हणजे पहिला प्रश्न वस्तूचा असू नये. वस्तू आधी विचारली, की स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर आणि प्रिंटर यांची यादी येते. मी टीव्हीच्या विरोधात नाही. पण कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, आणि भिंतीवर लावलेल्या टीव्हीवरील प्लॅस्टिकचे आवरण वर्षानंतरही तसेच असल्याचे मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. टीव्हीचा अर्ज आला तर आम्ही एवढेच विचारतो, की कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयाच्या कोणत्या धड्याला, आठवड्यातून किती वेळा तो लागणार. उत्तर नेमके असेल तर देतो. निपाणी भागातील एका शिक्षकाने सातवीच्या मुलांसाठी मराठी-कन्नड शब्दांची चित्रकार्डे छापून घेण्याचा खर्च मागितला होता, कारण आठवीला गेल्यावर कन्नडची पातळी एकदम वाढते आणि मुले गांगरतात. अशा अर्जाला आमच्याकडे फार चर्चा लागत नाही.

निवडीबाबत अमेरिकेतील नावे झाकण्याची पद्धत आम्ही वापरून पाहिली, पण एक-दोन शिक्षकांच्या शाळांत गावाचा उल्लेख आला की शिक्षक ओळखू येतोच. त्यामुळे आम्ही वेगळा नियम केला : समितीतील कोणाचे नातेवाईक, गावकरी किंवा जुने सहकारी अर्जदार असतील, तर त्या अर्जावर त्या सदस्याने बोलायचे नाही, आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. समिती पाच जणांची पुरते. तिच्यात निवडणूक लढवणारा किंवा लढवू पाहणारा माणूस नसावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. आपल्या भागात हा नियम सांभाळणे किती अवघड आहे ते आपल्यालाही ठाऊक असेल. नाकारलेल्या शिक्षकाला कारणासह पत्र जायलाच हवे. आमच्याकडे पुढच्या वर्षी येणारे चांगले अर्ज कित्येकदा अशाच शिक्षकांचे असतात.

आता पैसा कोणत्या वाटेने न्यावा ते पाहू. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा हातात रोख रक्कम देऊ नये. हा अविश्वासाचा भाग नाही. शासकीय नोकराने बाहेरून भेट किंवा देणगी घेण्यावर वर्तणूक नियमांची बंधने आहेत आणि उद्या कोणी तक्रार केली तर त्रास शिक्षकाला होईल, आपल्याला नाही. राहतात दोन मार्ग. पहिला, मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्ष यांच्या संयुक्त खात्यावर रक्कम भरणे. इथे खाते कोणते ते नीट विचारून घ्यावे. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी २०२१ पासून एकल नोडल खात्याची, म्हणजे योजनेचा पैसा एकाच नेमलेल्या खात्यातून चालवण्याची पद्धत आली आहे, त्यामुळे समग्र शिक्षणाच्या अनुदानाचे खाते वेगळे आणि देणगीचे खाते वेगळे असले पाहिजे. दुसरा मार्ग, दुकानदाराला थेट आपल्या संस्थेने पैसे देणे, बिल मात्र ‘मुख्याध्यापक, सरकारी मराठी प्राथमिक शाळा’ या नावाने घेणे.

यांतला कोणता मार्ग घ्यावा, हे शाळेवर अवलंबून आहे. जिथे एसडीएमसी नियमित भरते, अध्यक्ष सहीला वेळेवर येतात आणि पासबुक भरलेले असते, तिथे पहिला मार्ग चांगला, कारण पालकांना पैसा दिसतो आणि आपला म्हणून वाटतो. जिथे गावकीच्या राजकारणात समिती अडकली आहे, जुने अध्यक्ष गेले आणि नव्यांची सही बँकेत बदललेली नाही, तिथे रक्कम महिनोन्महिने अडकते आणि शिक्षक कंटाळतो. तिथे दुसरा मार्ग घ्यावा. लहान रकमांसाठी आम्ही आता बहुतेक वेळा दुसराच मार्ग घेतो. दोन्ही मार्गांत एसडीएमसीचा ठराव लागतोच, आणि वस्तू शाळेत आल्यावर तिची साठा नोंदवहीत नोंद होऊन त्या पानाची झेरॉक्स आपल्याकडे यायला हवी. अर्जाच्या तळाशी एक वाक्य आम्ही छापून ठेवले आहे, की शिक्षकाची बदली झाली तरी साहित्य शाळेतच राहील. बदलीचे समुपदेशन, म्हणजे बदलीची जागा निवडण्याची फेरी, कधी होईल आणि कोण कुठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून अर्जात शक्यतो दुसऱ्या एका शिक्षकाचेही नाव घ्यावे. एकशिक्षकी शाळेत ते शक्य नसते, तिथे हा धोका आपण जाणून पत्करायचा.

बीईओंची परवानगी लागते का, हा प्रश्न नेहमी येतो. नुसते साहित्य द्यायचे असेल तर आम्ही लेखी माहिती देतो आणि पोच घेतो. बाहेरची माणसे शाळेच्या वेळेत वर्गात येणार असतील, मुलांना सहलीला न्यायचे असेल किंवा शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलवायचे असेल, तर लेखी परवानगीशिवाय पुढे जात नाही. पत्र कन्नडमध्ये द्यावे, सोबत मराठी प्रत असली तरी चालेल. कार्यालयाचा कारभार कन्नडमध्ये चालतो, पत्र वाचणाऱ्या कारकुनाला दुसऱ्याकडून अर्थ लावून घ्यावा लागला तर तेवढे दिवस जातात. सीमाभागात मराठी शाळांना मदत म्हटले की कोणाच्या तरी भुवया उंचावतात, हे खरे आहे, आणि त्यावर माझा अनुभव असा, की उद्देश ‘सरकारी शाळांतील शिक्षकांचे वर्गकार्य’ एवढाच लिहिला, हिशेब उघडा ठेवला आणि कार्यक्रमाच्या व्यासपीठावर भाषणे टाळली, तर खात्यातील माणसे मदतच करतात. आमच्या निधीतून काही अर्ज कन्नड आणि उर्दू शाळांतील शिक्षकांचेही मंजूर होतात. आपण तसे करावेच असे मी म्हणणार नाही, तो आपल्या देणगीदारांचा निर्णय आहे. मात्र एकाच आवारात दोन माध्यमांच्या शाळा असतील तिथे तराजू एकाच वर्गाला देणे मला तरी बरे वाटत नाही.

इथवरचे एका दमात सांगायचे तर असे : अर्ज एका पानाचा आणि मुलांच्या अडचणीपासून सुरू होणारा, प्रत्येक अर्जदाराला एक फोन, पैसा शाळेच्या खात्यावर किंवा दुकानदाराला, वस्तू शाळेच्या नोंदवहीत. आता संस्थेच्या नोंदणीकडे वळतो.

गट नोंदवलेला नसेल आणि दोन लाख रुपये एका मित्राच्या बचत खात्यावर जमत असतील, तर ते लवकर थांबवावे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम आली तर ती त्याचे उत्पन्न धरली जाऊ शकते आणि प्राप्तिकर खात्याला खुलासा देत बसावे लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या जुन्या, लेखापरीक्षण नियमित होणाऱ्या न्यासाच्या किंवा वाचनालयाच्या छत्राखाली स्वतंत्र निधी ठेवणे. दोन वर्षे असे चालवून पाहा. त्यानंतरही उत्साह टिकला तर स्वतःचा न्यास करावा. न्यासपत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदवता येते. सोसायटी करायची असेल तर १९६० च्या कर्नाटक कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. उद्देशात एका जातीच्या किंवा धर्माच्या लाभाचा उल्लेख येऊ देऊ नका, त्याने करसवलत अडते. १२ए (न्यासाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) या नोंदण्या नव्या न्यासाला आधी तीन वर्षांपुरत्या तात्पुरत्या मिळतात. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सगळे अजून जुन्याच नावांनी बोलतात. सीएकडे गेलात तर त्याला तेवढ्याने कळेल.

८०जीचे आकर्षण देणगीदारांना फार असते, म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, ती रोख २,००० रुपयांवरील देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला मुळीच मिळत नाही. आपल्या गटातील पगारदार मित्रांपैकी बरेच जण आता नव्या प्रणालीत असतील. त्यांना विचारून मगच या नोंदणीसाठी धावपळ करायची की नाही ते ठरवा. कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्व निधीचा विचार मात्र तूर्त सोडून द्यावा. त्यासाठी या दोन्ही नोंदण्या, सीएसआर-१ फॉर्म आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. शिवाय बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखानदार व्यक्तिशः जी देणगी देतो, तिला यातले काहीच लागत नाही.

कायम निधी ठेवून व्याजावर अनुदाने द्यावीत का, हे आपण विचारलेले नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच. दहा लाखांची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार देते; पाच हजारांची चौदा अनुदाने त्यातून होतात आणि एखाद्या वर्षी वर्गणी आली नाही तरी शिक्षकांना दिलेला शब्द पाळता येतो. त्या दृष्टीने कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था म्हणजे सोसायट्या आहेत, ठेव ठेवा म्हणून ओळखीचे संचालक मागे लागतात आणि दर एक-दीड टक्का जास्त देतात. तिथे न्यासाचा पैसा ठेवू नये. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो. आणि करमाफी घेणाऱ्या न्यासाने पैसे कुठे गुंतवावेत याचेही नियम ठरलेले आहेत. तसेच करमाफी हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षात उद्देशासाठी वापरला गेला पाहिजे, म्हणून कायम निधीसाठी दिलेल्या देणगीसोबत देणगीदाराचे तसे पत्र घेऊन ठेवावे.

वेळापत्रकाचे गणितही इथेच येते. न्यासाचे वर्ष मार्चला संपते, शाळेचे जूनच्या आसपास सुरू होते. मे-जूनमध्ये अर्ज मागवले तर शिक्षक पटनोंदणी आणि पुस्तकवाटपात असतात. दसऱ्याच्या सुटीनंतर मागवले तर वस्तू येईपर्यंत परीक्षा जवळ येतात. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवतो, महिनाअखेर बंद करतो, ऑगस्टमध्ये फोन आणि निवड करतो, आणि गणपतीच्या आधी मंजुरीपत्रे देतो. साहित्य दसऱ्यापूर्वी शाळेत पोचते. जंगलपट्ट्यातील शाळांना पावसात टपाल आणि नेटवर्क दोन्हींची अडचण असते, तिथे सीआरपींच्या, म्हणजे शाळांच्या गटाला नेमलेल्या साधन व्यक्तींच्या हाती कोरे अर्ज देऊन ठेवणे सर्वांत भरवशाचे.

राहिला आपला अमेरिकेतील मित्र. त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते आधी विचारा. तो भारतीय नागरिक असेल, नुसता नोकरीनिमित्त तिथे राहत असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही आणि आपला न्यास ती घेऊ शकतो. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र त्याचा पैसा एफसीआरए या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याखाली परकीय ठरतो, मग तो जन्माने खानापूरचा का असेना. तो घ्यायला वेगळी नोंदणी लागते; तिच्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते काढावे लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेलाही तो पैसा आपल्याकडे वळवता येत नाही. दोन लाखांच्या निधीने त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी त्याच्या मुलांच्या शाळेच्या फाउंडेशनचे कोरे अर्ज आणि मागील वर्षी मंजूर झालेल्या कामांची यादी त्याच्याकडून मागवून घ्या. बहुतेक फाउंडेशने ती स्वतःहून जाहीर करतात. आणि ऑगस्टमध्ये आपले अर्ज वाचायला त्याला समितीसोबत फोनवर बसवा.